करदोड्याला बांधलेली बूट पार्टिशन

मोहनदादा, काल तुझी तेरवी झाली. सिहोऱ्याचे आणि तुमसरचे मिळून एवढे लोक आले की वांग्याची भाजी दुसऱ्यांदा टाकावी लागली. हात धुता धुता जो तो तुझ्याबद्दल एक चांगलं वाक्य बोलून गेला. मोहन दिलदार होता. मोहनच्या हातात जादू होती. मोहननं आमचं बंद पडलेलं कॉम्प्युटर फुकटात उठवून दिलं. मी मान हलवत होतो. सख्खा भाऊ म्हणून मलाही दोन शब्द बोलायला उभं केलं. तोंडातून काही आलं नाही, तर लोकांना वाटलं, गहिवरला. कायचा गहिवरतो! मनातल्या मनात तुला शिव्या घालत होतो, आणि हार घातलेल्या फोटोसमोर त्या मोठ्याने देता येत नव्हत्या.

आता कोणी नाही. तुझ्याच खोलीत, तुझ्याच खुर्चीवर बसून लिहितो आहे. समोर तुझं मशीन आहे. त्यात मायचा आवाज आहे, तिच्या शेवटच्या दिवसांतला, आणि ती माझ्याबद्दल काय बोलली ते आहे. एवढं एक ऐकायचं होतं मला. ते तू मला जिवंतपणी ऐकू दिलं नाहीस, आणि मरताना अशी सोय करून गेलास की आता कोणीच ऐकू शकणार नाही.

तुझं चांगलं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे मोकळेपणी बोलता येईल. मला जे काही येतं ते तू शिकवलंस. तुमसरला धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत तुझं रिपेरिंगचं दुकान. राईस मिलमधली मशीनं यायची, उघडली की आतून पसाभर कोंडा निघायचा. चोरीच्या सीडीवरून टाकलेल्या सिस्टीम व्हायरसनं मरून पडलेल्या असायच्या. तू त्या पुसून लिनक्स टाकायचास, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी टाकायचास. आणि मला समोर बसवून सांगायचास की चालू झालेल्या मशीनला काहीच माहीत नसतं. आपण कोण, आपलं सामान कुठं ठेवलं आहे, काही म्हणजे काही नाही. बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम त्याला हाताला धरून उठवतो आणि सांगतो की तुझी कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, इथं आहे, ती वाच, मग पुढचं तूच पाहा. हा प्रोग्राम आणि त्याच्या फायली डिस्कच्या ज्या लहानशा वेगळ्या भागात ठेवायच्या, ती बूट पार्टिशन. ती उडाली की मागचं सगळं जागच्या जागी असूनही मशीन मढ्यासारखं पडून राहतं. हे वाक्य तुझंच.

शिकवायची रीत मात्र कसायाची होती तुझी. भंडाऱ्याला कॉलेजात माझा प्रोजेक्ट दाखवायचा होता त्या सकाळी तू माझ्या मशीनची बूट पार्टिशन स्वतःच्या हाताने उडवलीस. मुद्दाम. मग तर्रीपोह्याची प्लेट घेऊन समोर बसलास आणि म्हणालास, "उठव बे त्याले." मी हातापाया पडलो. रडलोसुद्धा. तू तर्री ओतून घेतलीस. मी सीडीवरून मशीन चालू केलं, डिस्क शोधली, नवी पार्टिशन केली, ग्रब नावाचा बूटलोडर टाकायला घेतला आणि घाबरून डिस्कचं नावच चुकीचं लिहिलं. तू पेचकसाच्या मुठीने माझ्या बोटांच्या पेरांवर मारलंस. दुसऱ्यांदा बरोबर लिहिलं. तोवर बस निघून गेली होती, म्हणून तूच मोटारसायकलवर भंडाऱ्याला नेलंस, आणि मी किती गधा आहे ते तुमसरपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत ऐकवत नेलंस. बाहेर झाडाखाली माझं होईस्तोवर थांबलासही. आज पुण्यात एखादा सर्व्हर उठेनासा झाला की सगळ्यांची धांदल उडते आणि मी आधी चहा मागवतो. हे तुझं देणं आहे. नाकारत नाही. तुझ्याबद्दल पोटात माया दाटून आली की नेमकी ती पोह्याची प्लेट आठवते आणि माया तिथंच आटते.

माय आजारी पडली तेव्हा मी पुण्यातच होतो. रोज फोन करायचो. तू एकच सांगायचास, "बरी आहे. तू कायले धावपळ करतं?" त्या फोनवरच्या शब्दांवर आपण पुढे इतकी वर्षं भांडलो, की ते आता माझ्या कानात तुझ्याच आवाजात कायमचे बसले आहेत. मग एका दुपारी फोन आला तो गेल्याचाच. मी तुमसर रोड स्टेशनला गाडीतून उतरलो, ऑटो करून सिहोऱ्याला पोचलो, तर लोक नदीवरून परत येत होते. डोक्यावरून आंघोळ केलेले, ओल्या धोतराचे. तू सगळ्यांत पुढे. मला पाहून अंगणातच थांबलास आणि साऱ्या गावासमोर म्हणालास, "बोलावलं होतं याले. आला नाही." मी म्हटलं, तू बरी आहे म्हणालास. तू म्हणालास, मी ये म्हणालो. झालं. तिथून आपलं जे सुरू झालं ते तुझ्या मरणापर्यंत.

काहून केलंस रे तसं? तुला मायच्या उशाशी एकट्यालाच बसायचं होतं काय? लहानपणीही तिच्या मांडीवर मी बसलो की मला चिमटे काढायचास. मी तेव्हा ओरडायचो तरी. त्या दिवशी अंगणात माझ्याकडून ओरडणंही झालं नाही.

वर्षभराने दिवाळीला आलो तेव्हा तू रेकॉर्डिंगचं काढलंस. शेवटच्या दिवसांत मायच्या उशीजवळ मोबाईल ठेवून तू तिचं बोलणं भरून घेतलं होतंस. ते मशीनमध्ये टाकलंस आणि मोबाईल पुसून विकून टाकलास. मला वाटलं, आता लावशील. तू पान जुळवत, माझ्याकडे न पाहता म्हणालास, "माय तुह्याबद्दल बोलली आहे त्यात. गंज बोलली. अंगणात चार लोकांपुढं म्हण का मी मायले टाकलं. मंग ऐकवतो." मी त्याच पावली बॅग उचलली. पण गाडीत बसल्यापासून डोक्यात एकच भुंगा, पुष्कळ बोलली म्हणजे काय बोलली असेल? रागावली असेल, तर रागानं काय म्हणाली असेल? तो भुंगा अजून आहे. तू तो सोडलास आणि दरवर्षी त्याला खायला घालत राहिलास. दर सणाला तेच. पाय धुऊन ओसरीवर टेकलो नाही तर तुझं सुरू व्हायचं, म्हण, मग ऐकवतो. मी म्हटलं नाही. जे केलं नाही ते कायले म्हणू?

आणि मी चोरून ऐकेन म्हणून तू काय बंदोबस्त केलास! सगळी डिस्क कुलपात घातलीस, एक अक्षर वाचता येणार नाही अशी. बूट पार्टिशन डिस्कवरून काढून नखाएवढ्या पेनड्राइव्हवर नेलीस, आणि तो पेनड्राइव्ह दुकानाच्या चाबीसोबत कंबरेच्या करदोड्याला बांधलास. तो लावला तर मशीन उठणार, नाहीतर नुसता काळा पडदा. गिऱ्हाइकांसमोर शर्ट वर करून करदोडा ओढून दाखवायचास आणि हसायचास. पासवर्ड तर तू अख्ख्या गावाला सांगितला होतास, आपल्या जुन्या बैलाचं नाव, दोनदा. मला तोंडावर म्हणायचास, पासवर्ड घे, पेनड्राइव्ह देत नाही. मी त्यावर तुझ्याशी कारागिरासारखं भांडलो. म्हटलं, ठेव कंबरेला, पण त्याची दुसरी प्रत करून ठेव. असल्या वस्तूचं काय खरं, पाण्यात पडेल, जळेल. तू गिऱ्हाइकांना प्रत ठेवा, प्रत ठेवा म्हणून बोंबलत असायचास. मला म्हणालास, "दोन झाल्या का एक तुह्या हाती लागल."

मग तू मेलास. दुकानातच, बाकावर डोकं टेकून, हातात पेचकस. शेजारच्या पंक्चरवाल्याला वाटलं, पडलेला स्क्रू शोधून राहिला.

या वेळी मात्र माझ्यासाठी थांबले. सुमनवहिनीने थांबवलं. मी येईपर्यंत तुला आंघोळ घालून, नवं धोतर नेसवून तिरडीवर बांधलेलं होतं. तुला मूलबाळ नाही म्हणून अग्नी मी दिला. लाकडं जरा ओली होती, रॉकेल टाकावं लागलं. तू नीट पेटेपर्यंत मी तिथं उभा होतो. आणि खरं सांगतो दादा, तेव्हा मला तुझ्याबद्दल वाईट वाटत होतं, साधं, लहान भावाला वाटतं तसं. मी रडलो. तो राग नंतर आला.

तीन-चार दिवसांनी मी पेनड्राइव्ह शोधायला घेतला. तुझे शर्ट झटकले, दुकानाचे खण उपसले. शेवटी किसनमामाला विचारलं, कारण तुला आंघोळ त्यानं घातली होती. मामा म्हणाला, करदोडा तर तोडतातच, तसाच तोडला आणि सरणावर ठेवला, मेल्या माणसाचा करदोडा घरात ठेवतात काय. मी विचारलं, त्याला काही बांधलेलं होतं? "ते इवलुसं प्लास्टिक? होतं नं. गेलं त्याच्यासंग." म्हणजे ते मीच पेटवलं. वर उभं राहून नीट पेटलं का ते पाहिलंही.

तरी मी हातपाय गाळले नाहीत, कारण तू शिकवलेलं डोक्यात पक्कं होतं. बूट पार्टिशन गेली म्हणजे माल गेला असं नसतं. कर्नल काही तुझ्या एकट्याची नव्हती, पासवर्ड मला ठाऊक होता. नवा पेनड्राइव्ह घ्यायचा, त्यावर पार्टिशन पाडायची, ग्रब टाकायचं, कुलूपबंद डिस्क कुठं आहे ते त्याला सांगायचं, की मशीन विचारणार पासवर्ड, आणि मी टाकणार बैलाचं नाव. तुझ्या दुकानात याच जातीचं दुसरं मशीन होतं, तेच लिनक्स, तीच आवृत्ती. त्याच्यावरून सगळ्या फायली घेतल्या, डिस्कचं नाव हातानं बदललं. हे नाव लिहिताना पेरांवर तुझा पेचकस बसेल असं क्षणभर वाटलं, खोटं नाही सांगत. खरं म्हणजे आधी डिस्क तपासायची असते. कुलूप कसलं आहे, कुठं आहे, ते पाहायचं आणि मग पुढचं. कोणी शिकाऊ पोरानं हे केलं नसतं तर मी त्याला झापलं असतं. पण मला भीती वाटत होती, म्हणून तपासणी मागे टाकली.

भरदिवसा दार उघडं टाकून पेनड्राइव्ह लावला आणि बटण दाबलं. पहिल्याच झटक्यात मेन्यू आला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, एकही चूक नाही. दादा, मला इतका आनंद झाला की तुला हाक मारणार होतो. पाहा बे, उठवलं. कर्नल चढली, ओळी पळायला लागल्या, माझी बोटं बैलाच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर. आणि ओळी थांबल्या. पासवर्ड विचारलाच नाही. या डिस्कवर कुलूपच सापडत नाही, एवढं लिहून ते गप्प बसलं.

मला वाटलं, नाव चुकलं. पुन्हा पाहिलं, बरोबर होतं. मग केली ती तपासणी, जी आधी करायची होती. डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता कचरा, अर्थ नसलेले आकडे. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कुलपाची कळ डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेली असते, हेडर म्हणतात तिला. पासवर्डानं आधी ती उघडते आणि मग ती डिस्क उघडते. ती कळसुद्धा तू डिस्कवरून उचलून पेनड्राइव्हवर नेली होतीस. म्हणून तर पासवर्ड गावभर वाटत फिरत होतास. ती जळाली की पासवर्ड घेऊन काय चाटायचा! आता जगातला कोणी उस्ताद आणला तरी त्या कचऱ्यातून मायचा एक हुंकार निघणार नाही. आणि काम किती सफाईचं केलंस! मी हळहळतच होतो, पण तेवढ्यातही मनात आलं, साला, जमलं आहे याला.

असा हा तुझा चांगुलपणा मनात घेऊन मी काल तुझ्या तेरवीत उभा होतो.

आज सकाळी वहिनी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. तिला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण निघण्याची वेळ आली आणि राहवलं नाही. सगळं सांगितलं. मायचा आवाज गेला, आता कधीच येणार नाही. आणि वर मामाच्या नावानं बोटं मोडली, की त्या म्हाताऱ्यानं न विचारता, न पाहता जाळून टाकलं.

वहिनीचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "मामाजीले कायले बोल लावता? त्यायनं मले विचारलं होतं. चाबी मी सोडून घेतली. ते दुसरं मीच राहू दिलं."

मी म्हटलं, तुम्हाला माहीत नव्हतं ते काय होतं.

"मालूम होतं."

दादा, तुझी बायको एवढी वर्षं आपल्या भांडणात एक शब्द बोलली नव्हती. आपण दोघं एकमेकांच्या उरावर बसायचो तेव्हा ती चहा ठेवून आत जायची. मी विचारलं, काहून केलं वहिनी असं? ती सांगत गेली, सुपाकडे पाहत, आवाज न चढवता. तू रोज जेवण झालं की खोलीचं दार लावून ते रेकॉर्डिंग लावायचास. भिंतीपलीकडे तिची भांडी. तिला सगळं ऐकू यायचं. मायचं हगणं-मुतणं तिनं काढलं, पाठीची जखम तिनं धुतली, आणि माय गेल्यावरही तू मायला रोज त्या खोलीत परत आणून बसवत होतास.

मला तेव्हाही तिच्याबद्दल काही वाटलं नाही. माझं सगळं ध्यान एकाच गोष्टीवर. मी म्हटलं, तुम्ही रोज ऐकलं आहे तर मला सांगा, माय माझ्याबद्दल काय बोलली?

तिनं एक खडा उचलून बाहेर टाकला. "तुमचं नाव नाही त्यात, भाऊजी."

मी म्हटलं, दादा तर म्हणायचा गंज बोलली.

"त्यायचंही नाही. माय मलेच हाका मारून राहिली होती. सुमन, पाणी दे. सुमन, कूस फिरव. सुमन, आली काय वं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एवढंच आहे. भांडे घासता घासता ते ऐकू ये अन् मी हात तसेच टाकून उठू. दारापर्यंत गेली का ध्यानात ये, ते तर मेली." मग पहिल्यांदा तिनं वर पाहिलं. "त्यात माहं नाव होतं. माहं होतं, मी जाळलं."

ती सूप घेऊन आत गेली. तेव्हापासून मी इथं बसलो आहे आणि तुला विचारतो आहे, कारण दुसरं कोणी उरलं नाही. ती खोटं बोलली काय रे? मला दुखवायला बोलली असेल, तिला तेवढा हक्क आहे. की तू खोटं बोललास? तुझंही नाव त्यात नव्हतं आणि तरी तू रोज दार लावून ते ऐकत होतास, आज निघेल, उद्या निघेल म्हणून? तसं असेल तर दादा, तू माझ्यापेक्षाही भिकारी होतास, आणि तोच भिकारी मला दरवर्षी अंगणात नाक घासायला बोलावत होता.

माफी कोणी कोणाची मागायची यावर आपण आयुष्य काढलं. ती जिची मागायची होती ती आत्ता आत माझ्या वाटेसाठी दशम्या बांधते आहे. तू मागितली नाहीस. मीही आता स्टेशनला निघेन, तिच्या हातून डबा घेईन, येतो वहिनी म्हणेन, आणि मला चांगलं माहीत आहे, त्यापुढे एक शब्दही बोलणार नाही.